मराठी आली की पेन्सिल खाली

आमच्या टेबलावर एक पद्धत होती. सभागृहात कुणी मराठीत बोलायला लागलं की आम्ही कामकाज उतरवून घेणारे रिपोर्टर लोक पेन्सिली खाली ठेवायचो. ही पद्धत कुणी घालून दिली नव्हती आणि कुठल्या कागदावरही नव्हती, पण पाळायचे सगळे. कामकाज कानडीत नाही तर इंग्रजीत चालायचं. दुसऱ्या भाषेत बोलायचं तर सभापतींची परवानगी लागायची, आणि ती मिळाली तरी छापील कामकाजात एकच ओळ यायची : 'सन्माननीय सदस्यांनी मराठीत भाषण केले.' काय भाषण केलं ते गेलं वाऱ्यावर. तो बोलत असेपर्यंत आमच्यातला एक चष्मा पुसायचा, दुसरा पेन्सिलीला टोक करायचा, आणि तिसरा खिशातली तपकिरीची डबी नुसती चाचपून बघायचा.

हे बंगळूरच्या त्या नव्या दगडी इमारतीतलं वरचं सभागृह, विधान परिषद. राज्यांची फेररचना होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. उत्तरेकडचे, सरहद्दीकडचे जिल्हे आमच्या राज्यात आले आणि त्यांच्याबरोबर पाच-सहा मराठी बोलणारे सभासदही आले. खालच्या सभागृहात आरडाओरडा आणि वरच्या सभागृहात खोकला, असं आम्ही गमतीनं म्हणायचो, कारण आमच्याकडे वयस्क माणसं फार. कुणी पदवीधरांनी निवडून दिलेले, कुणी शिक्षकांनी. बोलायचे सावकाश, त्यामुळे लघुलेखन करणाऱ्यांना बरं.

मी बंगळूरच्याच जुन्या चिकपेट पेठेतली. आमचे लोक कुठल्याशा फौजेबरोबर तीनशे वर्षांपूर्वी इथं आले म्हणतात. कुणाची फौज, कशाला आली, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. घरापुढं कापडाची दुकानं आणि मागं आम्ही. उंबऱ्याबाहेर कानडी, कचेरीत इंग्रजी, आणि चप्पल काढून आत आलं की मराठी. त्या मराठीतही 'स्वल्प थांब गे' आणि 'सरी, सरी' असं सगळं कानडी मिसळलेलं. पुण्याहून एकदा आमच्याकडे पाहुणे आले होते, त्यांतल्या बायका आमचं बोलणं ऐकून तोंडाला पदर लावून हसल्या. तेव्हापासून परक्या माणसापुढं मराठी बोलायची मला लाज वाटायची आणि लाज वाटते म्हणून रागही यायचा. रागाचं म्हणाल तर तो माझ्याकडे पहिल्यापासून मुबलक.

कानडी लघुलेखन मी शिकवणीला जाऊन शिकले, पण हाताला वेग आला तो आईमुळे. आई एकदा बोलायला लागली की थांबायची नाही. नळाचं पाणी, माझे केस, शेजारच्या अक्कांची सून, सगळं एका दमात. मी समोर वही घेऊन बसायची आणि तिचं बोलणं उतरवून काढायची. लघुलेखन आवाज लिहितं, भाषा कुठली ते त्याला काय? आईला वाटायचं पोरगी अभ्यास करतेय. एकदा मी तिला तिचंच बोलणं वाचून दाखवलं तर म्हणाली, "एवढं मी बोलले? शक्यच नाही." आणि मग त्यावर पाव तास बोलली.

रिपोर्टरच्या जागेसाठी मी पक्की टायपिस्टची नोकरी सोडली होती. इथली जागा सहा महिन्यांची, तात्पुरती. टेबलावर तोपर्यंत बाई बसली नव्हती. सहा महिने संपले की आमचे चीफ रिपोर्टर शेरा लिहिणार आणि त्यावर मी राहणार की जाणार ते ठरणार. गेले असते तर जुनी जागाही गेलेली, नवीही गेलेली. अधिवेशन शुक्रवारी संपत होतं आणि माझा शेरा त्याच दिवशी व्हायचा होता. मी सांगतेय तो दिवस आदला, गुरुवार.

शेरा चांगला येईल अशी आशा मला नव्हती. चीफ म्हणजे उंच, वाळकी, पांढऱ्या फेट्यातली असामी. कामात वाघ, पण बाईनं सभागृहात बसावं हे त्यांना पटलेलं नव्हतं. कानडीत बाईला मानानं 'अम्मा' म्हणतात, मला ते 'मिस' म्हणायचे, आणि त्या 'मिस'मध्ये एवढा थंडपणा असायचा की भर उन्हातही शाल घ्यावीशी वाटे. त्यात मी आगीत तेल ओतलं होतं. भाषणाची टाइप केलेली प्रत सभासदाकडे दुरुस्तीला जाते. चुका सुधाराव्यात, नवं काही घालू नये, हा नियम. एका सभासदांनी आपल्या भाषणाच्या शेवटी संस्कृत श्लोक लिहून प्रत परत पाठवली. मी श्लोक खोडला. ते तणतणत आले, तर मी सरळ म्हणाले, "हा श्लोक आपल्याला घरी गेल्यावर आठवलाय. इथं म्हटला नव्हता." तक्रार झाली. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. चीफनी मला बोलावून इंग्रजीत एवढंच सांगितलं की रिपोर्टरला दोन कान असतात, एक हात असतो, तोंड नसतं.

तर गुरुवारी सकाळी प्रश्नोत्तरांचा तास चालू झाला. चीफ स्वतः टर्नवर होते. टर्न म्हणजे प्रत्येक रिपोर्टरची लिहायची ठरलेली पाळी. आपली दहा मिनिटं झाली की उठायचं आणि दुसऱ्यानं बसायचं. प्रश्नोत्तरांच्या तासाला मात्र चीफ खुर्ची सोडत नसत आणि मला शेजारी बसवत. मी सरावासाठी लिहायचं. माझी वही कुणी जमेस धरत नव्हतं.

प्रश्न रोजच्यासारखे होते. एकानं विचारलं की अमुक रस्त्यावर दिवे कधी लागणार. उत्तर आलं की खांब आलेत, तारा येतायत. मग अजून कुणी विचारलं की तारा कुठून येतायत, तर सगळे हसले. असे दोन-तीन झाले आणि मास्तरांचा प्रश्न आला.

मास्तर म्हणजे सरहद्दीकडच्या शिक्षकांनी निवडून दिलेले म्हातारे सभासद. आयुष्यभर शाळेत शिकवलं, म्हणून आम्ही आपापसांत त्यांना मास्तर म्हणायचो. काळी टोपी, बटणं गळ्यापर्यंत लावलेला कोट, आणि हातात कागदाची घडी. त्यांच्या गावात मुलींसाठी शिक्षिका होण्याचं विद्यालय होतं, दोन वर्षांचं. खात्यानं ते महिनाअखेर बंद करायचं ठरवलं होतं. पहिलं वर्ष झालेल्या मुलींनी दुसऱ्या वर्षासाठी लांबच्या शहरात जावं, असा हुकूम निघणार होता. मास्तरांनी विचारलं की या मुलींचं काय.

शिक्षणमंत्र्यांनी छापील उत्तर वाचलं : बाब विचाराधीन आहे. मास्तरांनी उपप्रश्न विचारला. त्यांची कानडी बाजारापुरती, अडखळत होती. उत्तर पुन्हा तेच, विचाराधीन. दुसरा उपप्रश्न, तेच उत्तर. मास्तरांनी हातातला कागद नीट घडी करून खिशात घातला आणि सभापतींकडे मराठीत बोलायची परवानगी मागितली. सभापतींनी मान हलवली.

आमच्या टेबलावर सगळ्या पेन्सिली एकदम खाली गेल्या. चीफनीही ठेवली.

माझी राहिली हातातच. का राहिली ते सांगते. याआधी सभागृहात ऐकलेली मराठी दोन वाक्यांत, चाचरत आटपायची; अशी मान वर करून, मोठ्या दालनात, शंभर माणसांपुढं बोललेली मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. एरवी मी ती स्वयंपाकघरात ऐकली होती, हळदीकुंकवाला ऐकली होती, पोरांना रागावताना ऐकली होती. मास्तर बोलत होते ती मराठी कुणापुढं खाली बघत नव्हती. माझ्या अंगावर काटा आला आणि हात आपोआप चालायला लागला.

"या मुलींच्या बापांनी त्यांना घराजवळ म्हणून शिकायला पाठवलं," मास्तर म्हणाले. "शंभर मैलांवर ते पाठवणार नाहीत. मुली घरी बसतील. मी स्वतः दारोदार हिंडून एकेकीला आणलंय. आता मी त्या दारांत परत कोणत्या तोंडानं जाऊ?"

सभागृहात बहुतेकांना काही कळत नव्हतं. त्या दिवशी हजर असलेले दोघे-तिघे मराठी कळणारे होते ते आपापले प्रश्न संपवून कॉफीला गेलेले. मंत्री मात्र त्याच बाजूचे, मास्तरांच्या शेजारच्या तालुक्यातले. ते उठले, हातातला छापील कागद त्यांनी टेबलावर पालथा घातला आणि मराठीतच म्हणाले, "मास्तर, रागावू नका. मी या सभागृहाला शब्द देतो. या मुलींचं दुसरं वर्ष पुरं होईपर्यंत विद्यालयाला कुलूप लागणार नाही."

मास्तर हात जोडून खाली बसले. सभापतींनी पुढचा प्रश्न पुकारला, जनावरांच्या दवाखान्याचा. पेन्सिली पुन्हा वर आल्या. माझी वही चीफनी तिरप्या नजरेनं पाहिली होती. बाहेर आल्यावर म्हणाले, "मिस, जे छापायचं नाही ते लिहायचं नसतं. हात दमतो आणि लक्ष उडतं." मी नुसती मान हलवली. शेरा उद्यावर होता, मलाही तेवढी अक्कल होती.

दुपारी शिक्षण खात्यावर चर्चा होती. मंत्री दौऱ्यासाठी दुपारच्या गाडीनं निघून गेले होते, आता ते सकाळपर्यंत गाडीत. उत्तर द्यायला उपमंत्री होते. तरुण, हुशार, बोलण्यात गोड माणूस. चर्चेच्या शेवटी ते उठले आणि खात्याचं धोरण वाचून दाखवता दाखवता त्यांनी सांगून टाकलं की ते विद्यालय महिनाअखेर बंद होईल आणि मुलींची सोय दुसऱ्या शहरात केली आहे. त्यांच्याजवळच्या कागदात तेच होतं. सकाळी ते सभागृहात नव्हतेच.

मास्तर ताडकन उठले. म्हणाले, मंत्र्यांनी सकाळी शब्द दिलाय. उपमंत्र्यांनी अगदी अदबीनं सकाळची नोंद मागवली. आमच्याच खोलीत टाइप झालेला कागद आला आणि त्यांनी तो वाचला : सन्माननीय सदस्यांनी मराठीत भाषण केले, मंत्र्यांनी मराठीत उत्तर दिले. एवढंच. दोन-चार जण हसले. सभापती भला माणूस, त्यांनी मास्तरांना समजावलं की नोंदीत जे नाही त्यानं सरकारला बांधता येत नाही. चर्चा आज संपते, सभागृह उद्या उठतं, आता पुढच्या अधिवेशनात विचारा.

पुढचं अधिवेशन पावसाळ्यानंतर. तोवर विद्यालयाला कुलूप लागून गंज चढला असता.

मास्तर उभेच होते. टोपी काढून त्यांनी हातात धरली होती. कानडीत, अडखळत, ते सभापतींना म्हणाले, "मग मी सकाळी कुणाशी बोललो?"

माझ्या मांडीवर वही होती आणि वहीत ते सगळं होतं. तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ना, तसं झालं. मी कानडीत चिठ्ठी लिहिली : 'सकाळची मराठी माझ्याकडे पूर्ण आहे.' ती चीफपुढं सरकवली. चीफनी वाचली, उलटी केली आणि पेपरवेटखाली ठेवली. म्हणजे विषय संपला.

खरं सांगते, त्या क्षणी मला मुलींपेक्षा माझी जागा जास्त दिसत होती. गप्प बसले तर कदाचित शेरा बरा येईल. उठले तर शेरा आलाच म्हणून समजा, आणि तोही कसला ते माहीत होतं. हात दाखवून अवलक्षण कशाला, असं आईनं म्हटलं असतं. पण तोवर मी उठले होते. रिपोर्टरनं पाळी नसताना सभागृहात उठायचं नसतं. आमच्या टेबलापासून सचिवांच्या टेबलापर्यंत दहा-बारा पावलं. माझ्या साडीचा आवाज मला ऐकू येत होता. मी वही उघडून सचिवांपुढं ठेवली आणि पान बोटानं दाखवलं. तोंडानं एक अक्षर बोलले नाही. तेवढा नियम मी पाळला.

सचिवांनी सभापतींच्या कानाशी काही सांगितलं. सभापतींनी कामकाज पंधरा मिनिटं थांबवलं.

सभापतींच्या दालनात आम्ही सहा जण : ते स्वतः, सचिव, उपमंत्री, मास्तर, चीफ आणि मी. मास्तर आणि मी सोडून कुणाला मराठी येत नव्हती. मला बसायला कुणी सांगितलं नाही, मी बसलेही नाही. उपमंत्री शांतपणे म्हणाले की सदस्य मराठी, या बाईही मराठी. हे सकाळी लिहिलं की दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, हे कसं ठरवायचं? मला असं काही बोलायचं होतं की सभापतींचं दालन हादरलं असतं. मी जीभ दातांखाली धरली. आयुष्यात पहिल्यांदाच धरली असेल.

सभापतींनी चीफना विचारलं, "तुम्हाला हे वाचता येईल?"

चीफ म्हणाले, मराठी येत नाही. मग त्यांनी चष्मा वर केला, वही हातात घेतली, एक पान मागं गेले, एक पुढं गेले, आणि खिशातून स्वतःची सकाळची वही काढून शेजारी ठेवली. वेळ लावून ताडून पाहिलं. मग सांगितलं की मराठीच्या आधी दिव्यांच्या प्रश्नापासून मास्तरांच्या कानडी उपप्रश्नांपर्यंत सगळं त्यांच्या स्वतःच्या वहीशी शब्दाला शब्द जुळतं, मराठीनंतर त्याच पानावर जनावरांचा दवाखाना आहे तोही जुळतो. मध्ये जागा सोडलेली नाही, पानांचे आकडे सलग आहेत. म्हणजे हे सकाळीच लिहिलेलं आहे. आणि वाचायचं म्हणाल तर भाषा यायची गरज नाही. ही लिपी आवाजाची आहे. आवाज मी वाचतो, अर्थ तुम्ही कुणालाही विचारा.

आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. मराठीत माझ्या हाताला सराव होता तो आईच्या भांड्याकुंड्यांच्या बोलण्याचा. विद्यालय, सभागृह असे शब्द कधी लिहिले नव्हते, त्यामुळे चुकायला नको म्हणून मी एकेक स्वराचं टिंब दिलेलं होतं. एरवी आम्ही ती गाळतो. त्या टिंबांवरून चीफ एकेक अक्षर उचलत चालले. अस्सल कानडी वळणात, न कळता, पूजेला बसल्यासारख्या गंभीर आवाजात त्यांनी वाचलं, "मा-स्तर, रा-गा-वू न-का." मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ओठ चीफच्या बरोबरीनं हलायला लागले. पुढं 'शब्द देतो' आलं, 'कुलूप' आलं. मास्तर एकेक वाक्य कानडीत सांगत होते आणि सचिव लिहून घेत होते.

मी मात्र घामाघूम झाले होते. कारण पुढची ओळ काय आहे ते मला आठवलं होतं.

चीफनी तीही वाचली. "शा-ब्बास, मा-स्तर."

हे सकाळी कुणीच म्हटलं नव्हतं. मास्तर खाली बसले तेव्हा माझ्या मनात आलं आणि हातानं लिहून टाकलं. आईचं बोलणं उतरवताना अधूनमधून मी माझी उत्तरंही लिहीत असे. जित्याची खोड, ती इथं आली. दुसऱ्याच्या भाषणात न बोललेला श्लोक नको म्हणून भांडणारी मी, आणि माझ्याच वहीत न बोललेला शब्द.

त्या दालनात ते फक्त दोघांना कळलं, मला आणि मास्तरांना. मास्तरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. ते काही बोलणार नव्हते. मंत्र्यांनीच शाबासकी दिली असं समजून सचिव लिहून मोकळे झाले असते आणि कुणाचं काही बिघडलं नसतं.

"शेवटचे दोन शब्द कुणी म्हटले नाहीत," मी म्हणाले. "ते माझे आहेत. ते खोडा."

उपमंत्री खुर्चीत पुढं झाले. बरोबरच होतं त्यांचं. म्हणाले, म्हणजे या वहीत न बोललेलंही आहे तर. मग शब्द दिला तोही कशावरून यांचा नसेल? सभापती माझ्याकडे बघत राहिले. सचिवांचं पेन थांबलं. मला वाटलं, झालं. मुलींचं विद्यालयही गेलं आणि माझी खुर्चीही गेली, आणि दोन्ही माझ्याच हातानं.

तेव्हा चीफ बोलले. त्यांनी दोन्ही वह्या मिटल्या होत्या. "तीस वर्षं मी हे काम करतोय," ते सभापतींना म्हणाले. "कुणालाही कळणार नव्हतं अशी स्वतःची चूक स्वतः सांगणारा रिपोर्टर मी आजवर पाहिलेला नाही. हे दोन शब्द खोडा. बाकीच्या सगळ्यांखाली मी सही करतो." आणि खरंच, खिशातून पेन काढून त्यांनी माझ्या वहीत त्या पानाखाली सही केली.

सभागृह पुन्हा भरलं. सभापतींनी उभं राहून सकाळचं बोलणं नोंदीत घ्यायला सांगितलं, आणि जोडीला हेही सांगितलं की टेबलावर मराठी लिहिणारं कुणी असेल तर इथून पुढं मराठीही लिहिली जाईल. मग उपमंत्री उठले. माणूस खिलाडू. म्हणाले, मंत्र्यांनी दिलेला शब्द हा सरकारचा शब्द आहे, मुलींचं दुसरं वर्ष त्याच विद्यालयात पुरं होईल. बाकं अशी वाजली की खोकणारं वरचं सभागृह ते हेच का असं वाटावं. मी पेन्सिल धरून होते, पण 'बाके वाजवून स्वागत' एवढे तीन शब्द मला धड लिहिता येईनात. कसला आनंद झाला होता मला! तसा पुढं लग्नातही झाला नाही, आणि हे मी घरच्यांसमोर सांगते.

संध्याकाळी मास्तर आमच्या खोलीच्या दाराशी येऊन थांबले. मला विचारलं, "पोरी, तुझी मराठी कुठली?" मी म्हणाले, चिकपेटची, आणि लगेच सांगून टाकलं की ती चांगली नाही, स्वल्प कानडी मिसळलेली आहे. ते हसले. म्हणाले, कान तर चांगला आहे ना, मग झालं. चार पावलं गेले आणि परत वळले. "सबंध दिवसात मला एकच शाबासकी मिळाली होती," म्हणाले. "तेवढीच नेमकी खोडलीस."

घरी सांगितलं तर आईनं आधी मला धारेवर धरलं. भर सभेत उठलीस, पदर तरी नीट होता काय, वगैरे. मी वही काढली तशी गप्प झाली. काही महिन्यांनी त्या दिवसाचं छापील पुस्तक आलं. त्यात कानडीच्या मधोमध देवनागरीत मास्तरांचं बोलणं आणि मंत्र्यांचा शब्द होता. आई बोटानं ओळ धरून मोठ्यानं वाचत होती आणि शेजारच्या अक्कांना कानडीत समजावत होती. मध्येच म्हणाली, हे तू एवढं भराभरा लिहायला कुठं शिकलीस? मी सांगितलं, तुझ्याकडे. तिला ते पटलं नाही.

शुक्रवारच्या शेऱ्यात चीफनी काय लिहिलं ते मला दाखवलं नाही. जागा पक्की झाल्याचा कागद तेवढा हातात आला. मला ते मिसच म्हणत राहिले आणि प्रश्नोत्तरांच्या तासाला खुर्ची सोडेनात.

पावसाळ्यानंतरच्या अधिवेशनात पहिल्याच दिवशी प्रश्नोत्तरांच्या तासाला मास्तर उठले. म्हणाले, परवानगी असेल तर सभागृहाचे आभार मानायचेत, विद्यालयात मुली दुसऱ्या वर्षाला बसल्या. आणि परवानगी घेऊन मराठीत सुरू झाले. टेबलावर जुन्या सवयीनं पेन्सिली भराभर खाली गेल्या. चीफनीही आपली ठेवली. मग ते उठले, तीस वर्षांत त्या तासाला कधी न सोडलेली खुर्ची त्यांनी मागं सरकवली, आणि हळूच म्हणाले, "या अम्मा, तुमची टर्न."